पद्मिनीच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकतंय, नवं किट टाकूनही थांबेना (ठाणे)

नौपाड्याची_पद्मिनी

नमस्कार मंडळी. गाडी १९९१ ची प्रीमियर पद्मिनी, बाबांनी नवी घेतलेली, एमएच-०४ पासिंग. इंजिन मूळचंच, १०८९ सीसी. कार्बोरेटर सोलेक्सचा.

आयडलिंगला थोडा वेळ ठेवली की बॉनेटमधून पेट्रोलचा वास सुटतो. कार्बोरेटरच्या खालच्या अंगाला, थ्रॉटलच्या दांडीच्या दोन्ही टोकांना ओल दिसते आणि तिथूनच थेंब पडतो. घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत जाऊन आलं आणि गाडी बंद केली, की गरम असताना पुन्हा सहज चालू होत नाही. सुरू झालीच तर पहिला धूर काळा. ॲव्हरेजही पडलंय.

मिस्त्रींनी कार्बोरेटर उतरवून धुतला, बाजारातलं पूर्ण किट टाकलं: नीडल (पेट्रोल आत येण्याची वाट बंद करणारी सुई), पॅकिंग, डायफ्राम, सगळे वॉशर. त्यानंतर ओल कमी व्हायची ती वाढली. आता ते म्हणतात दांडी घासली आहे, बुश मारा (भोक मोठं करून दांडीभोवती नवी बारीक नळी बसवा) नाहीतर दुसरा कार्बोरेटर शोधा. दुसरा म्हणजे कुठल्या तरी भंगारात गेलेल्या गाडीचा, त्याची अवस्था काय असेल कोण जाणे. मला मूळचाच ठेवायचा आहे. कुणी हा प्रकार निस्तरला आहे का?

येऊरच्या_पायथ्याशी

बाकीचे उपाय सांगतीलच, मी आधी एक विनंती करतो. ठिबक थांबेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. तापलेल्या इंजिनावर पेट्रोलचा थेंब आणि जवळच डिस्ट्रिब्युटरची ठिणगी, एवढं आग लागायला पुरतं.

काम सोसायटीच्या बेसमेंटमध्ये किंवा पोडियमखाली करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर निघून जात नाही, खाली खड्ड्यात साठून राहते. मोकळ्यावर काढा, बॅटरीची वायर सोडवा, शेजारी ड्राय पावडरचा सिलिंडर ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारायचं नसतं, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

ऐरोलीचा_८००

माझ्याकडच्या जुन्या मारुती ८०० ला असंच झालं होतं. फ्लोटची (पेट्रोलवर तरंगून नीडल बंद करणाऱ्या डबीची) पत्ती किंचित वाकवली आणि काम झालं. तुमच्याकडेही तेच करून बघा. आणि जुना मेकॅनिकल पंप काढून इलेक्ट्रिक पंप टाका, स्टार्टिंगची कटकटच संपेल.

टॅक्सीचा_फिटर

ऐरोलीकर, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो मिकुनी कार्बोरेटरचा. पद्मिनीचा सोलेक्स निराळा. मी उमेदीची वर्षं टॅक्सीच्या गॅरेजमध्ये काढली, दिवसाला दोन-तीन सोलेक्स हाताखालून जायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली आणि त्या गॅरेजांचं कामही संपलं. आजच्या मिस्त्रींचा हात ८०० वर बसलेला, नाहीतर इंजेक्शनच्या गाड्यांवर. ते बिचारे माहीत आहे तेच करणार.

नौपाडेकर, आता नीट वाचा. थ्रॉटलच्या दांडीला पेट्रोल दिसतंय म्हणून दांडीच गळते असं समजू नका. दांडी थ्रॉटलच्या पाकळीच्या जागी आहे. इंजिन चालू असताना तिथे आतून ओढ असते, दांडी घासली तर बाहेरची हवा आत जाते. पेट्रोल तिथून बाहेर येतं ते वरून जास्तीचं खाली पडत असलं तरच. म्हणजे तुम्हाला दिसतोय तो शेवटचा मुक्काम, सुरुवात वर आहे. काळा धूर, गरम असताना न लागणं, पडलेलं ॲव्हरेज, हे सगळं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतं: कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय, त्याच्या वाटीत, जिथे पेट्रोल साठून राहतं तिथे, पातळी जास्त आहे.

खात्री अशी करा. एअर क्लीनर काढा, गाडी आयडलिंगला ठेवा, बॅटरीचा टॉर्च तिरपा धरून कार्बोरेटरच्या घशात बघा. तोंड बरोबर वर आणू नका, इंजिन कधी उलटं फटकतं. मधल्या नळीतून, म्हणजे मेन जेटचं पेट्रोल जिथून येतं तिथून, आयडलिंगला थेंब पडता कामा नये. आयडलिंगचं पेट्रोल वेगळ्या वाटेने जातं. मधल्या नळीतून टपटप होत असेल तर दांडीला हातही लावू नका.

आणि इंजिन ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर दुरुस्तीनंतर ऑइल बदलल्याशिवाय गाडी पळवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

ऐरोलीचा_८००

काका, पण इलेक्ट्रिक पंपाचं काय वाईट?

टॅक्सीचा_फिटर

वाईट नाही, पण दाब बघूनच घ्यायचा. जुन्या एसी पंपाचा, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या त्या मेकॅनिकल पंपाचा, दाब मुळातच कमी, दोन-तीन पीएसआयच्या आसपास. सोलेक्सची नीडल तेवढ्यासाठीच बनलेली. बाजारात हाताला येईल तो इलेक्ट्रिक पंप लावला आणि त्याचा दाब जास्त असला, तर फ्लोट कितीही वर आला तरी नीडल दाबून धरू शकत नाही, पेट्रोल शिरतच राहतं. रेग्युलेटर लावला तर चालतं. दुसरी गोष्ट, अपघात होऊन इंजिन बंद पडलं तर एसी पंप आपोआप थांबतो. इलेक्ट्रिक पंप इग्निशन चालू असेपर्यंत पेट्रोल ओतत राहतो, त्याला तोडणारा स्विच लावावा लागतो. ह्यांची गाडी चालते आहे, पंप चांगला आहे. मग त्याला हात कशाला लावायचा?

वागळेचा_लेथ

मी वागळे इस्टेटमध्ये लेथवर बसतो, कार्बोरेटरच्या दांडीचे बुश मारणं हे माझ्या रोजच्या कामातलं. तरी सांगतो, काका म्हणतात तसं आधी तपासा. बुश मारायला बॉडी रीम करावी लागते, एकदा भोक मोठं केलं की मागे फिरता येत नाही. दांडी बोटाने वरखाली हलवून बघा. स्पष्ट खडखड लागली आणि आयडलिंग कधी चढतं कधी उतरतं असं होत असेल, तरच माझ्यासारख्याकडे या.

वरचं झाकण मात्र जरूर बघा. ही बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, मऊ. ओल दिसली की माणसं स्क्रू आणखी आवळतात. स्क्रूच्या जागेला कान खाली वाकतात, मधला भाग उचलला जातो, आणि जितकं आवळाल तितकी फट वाढते. झाकण काढून पॅकिंगची बाजू खाली करून जाड सपाट काचेवर ठेवा, कडेने फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकतो का बघा. सरकत असेल तर त्याच काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर पसरून, थोडं पाणी टाकून, इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने घासा. आधी नीडलची सीट काढून ठेवा, भोकं झाका, नंतर हवेने फुंकून धुवा. बसवताना स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे, दोन फेऱ्यांत आवळायचे.

पेट्रोल येतं त्या नटाच्या आट्यांना पांढरी टेफ्लॉन टेप कुणी गुंडाळली असेल तर ती आधी काढा. तिचे तुकडे सुटतात आणि नीडलच्या सीटवर जाऊन बसतात. तिथे तांब्याचा किंवा फायबरचा वॉशरच लागतो, आणि तो दर वेळी नवा.

तुर्भे_प्रयोगशाळा

मी गाड्यांमधली नाही, तुर्भ्याला रसायनांच्या प्रयोगशाळेत काम करते. घरी सासऱ्यांची जुनी फियाट आहे म्हणून हा धागा वाचते आहे. एक मुद्दा राहतोय असं वाटतं, इथेनॉलचा.

पंपावर आता मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. १९९१ ची गाडी बनली तेव्हा असं पेट्रोल नव्हतं, त्यामुळे तिच्यातलं रबर आणि पॅकिंग त्याला धरून निवडलेलं नाही. तीन ठिकाणी त्रास होतो.

पहिलं, गॅस्केटला शेलॅक लावायची आपल्याकडच्या मिस्त्रींची जुनी सवय. शेलॅक म्हणजे लाख, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. पॉलिशवाले सुतार ती स्पिरिटमध्येच कालवतात. साध्या पेट्रोलला ती दाद देत नसे, म्हणून इतकी वर्षं चाललं. ई२० मध्ये ती हळूहळू मऊ होते, सांध्यातून पाझर सुरू होतो आणि सुटलेला चिकट भाग जेटपर्यंत पोचतो. कार्बोरेटरच्या सांध्याला शेलॅक लावूच नका. पृष्ठभाग सपाट असेल तर कोरडं पॅकिंग पुरतं.

दुसरं, होज. जुनं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, त्याला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर निघून जातं, मग गाडी उभी राहून ते वाळलं की कडक होऊन तडकतं. नवा पाइप घेताना त्याच्यावर छापलेलं बघा: एसएई जे३०आर९ असं असेल तर आतला थर फ्लुओरोइलॅस्टोमरचा, म्हणजे लोक ज्याला व्हिटॉन म्हणतात त्या जातीचा असतो. नीडलही व्हिटॉनच्या टोकाची मिळाली तर बरं, पण त्या टोकाला खळगा पडलेला नाही ना हे भिंगाने बघा.

तिसरं, पाणी. इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर गाडी उभी राहिली तर टाकीत शिरलेलं पाणी इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी वेगळं बसतं. तो थर कार्बोरेटरच्या वाटीत आला की जस्त गंजतं आणि पांढरी भुकटी दिसते. ती भुकटी नीडलखाली अडकली की ओव्हरफ्लो. झाकण उघडाल तेव्हा वाटीच्या तळाचा फोटो टाकाल का?

टॅक्सीचा_फिटर

ताई, शेलॅकचं हे मला आज कळलं. मी स्वतः हजारोंनी गॅस्केटं शेलॅक लावून बसवली आहेत आणि त्या काळात ती कधी सुटली नाहीत. आता मागच्या चार-पाच वर्षांत जुन्या गाड्यांच्या झाकणाला ओल का दिसते, याचा उलगडा झाला. मनापासून आभार.

नौपाड्याची_पद्मिनी

सगळ्यांचे आभार. गाडी ढकलत मोकळ्या जागेत आणली, बॅटरी सोडली आणि कामाला लागलो. टॉर्चने बघण्यापुरती बॅटरी परत जोडून गाडी चालू केली. काका, तुम्ही म्हणालात तेच आहे. मधल्या नळीतून आयडलिंगला सतत थेंब पडतोय. रेस केली की थांबल्यासारखा वाटतो, सोडली की पुन्हा. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आहे, फार नाही, पण आहे.

फ्लोट पितळी आहे. कानाशी हलवला तर आत काही वाजत नाही. वाटीच्या तळाशी ताई म्हणतात तशी पांढरी भुकटी होती, चिमूटभर. जेट सगळे हवेने फुंकले, आरपार दिसतात. आता पुढे?

टॅक्सीचा_फिटर

फ्लोट हलवून कळत नाही. कडक गरम पाण्यात पूर्ण बुडवा, गॅसपासून लांब, बादलीत. बारीक छिद्र असेल तर आतली हवा फुगून बुडबुड्यांची माळ निघते. निघाली तर जागा खुणेने लिहून ठेवा, आणि आतलं पेट्रोल पूर्ण उडून जाईपर्यंत त्याला डाख द्यायला नेऊ नका. आत पेट्रोलची वाफ असताना फ्लोट तापवला तर तो हातात फुटतो. डाखही अगदी टिपक्याएवढा. जास्त लावला तर फ्लोट जड होतो, खोल बुडतो, नीडल उशिरा बंद करतो आणि तुम्ही परत तिथेच.

फ्लोट चांगला निघाला तर नीडलच्या सीटखालचा वॉशर बघा. मला पहिल्यापासून संशय त्याचाच आहे. सोलेक्समध्ये पेट्रोलची पातळी पत्ती वाकवून लावायची नसते, ती त्या वॉशरच्या जाडीने ठरते. सीट झाकणात आट्यांनी बसते, मध्ये वॉशर. जाड वॉशर टाकला की नीडल खाली येते, फ्लोट तिला लवकर गाठतो, पातळी उतरते. पातळ टाकला की नीडल वर जाते, फ्लोटला आणखी वर यावं लागतं, पातळी चढते. किटमध्ये एकच वॉशर येतो आणि तो कुठल्या गाडीच्या जाडीला धरून आहे याचा भरवसा नसतो. जुना वॉशर मिस्त्रीने फेकला नसेल तर शोधा. ओल किट टाकल्यावर वाढली, असं तुम्हीच लिहिलं आहे.

ऐरोलीचा_८००

काका, मी पत्ती वाकवायचा सल्ला दिला होता तो मागे घेतो. कुणी वाचून तसं करू नये म्हणून लिहून ठेवतो.

नौपाड्याची_पद्मिनी

फ्लोट गरम पाण्यात पास झाला, एक बुडबुडा नाही.

मिस्त्रींनी काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत दिले होते, त्यात तो वॉशर सापडला. व्हर्नियरने मोजला: जुना दीड मिलिमीटर, नवा एक मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरचा फरक, आणि पेट्रोल थेट नळीवाटे बाहेर! जुना तांब्याचाच होता. गॅसवर लाल करून पाण्यात बुडवला, मऊ झाला, तोच परत टाकला. नीडल नवीच ठेवली.

झाकण काचेवर ठेवलं, मधोमध फीलर सहज जात होता. वागळेवाले दादा, तुम्ही सांगितलं तसं घासलं, आता चारी बाजूंनी सपाट बसतं. जुनं शेलॅक स्पिरिटने क्षणात निघालं, ताईंचं म्हणणं डोळ्यांसमोर दिसलं. कोरडं पॅकिंग टाकून बसवलं.

थेंब थांबला. आयडलिंगला नळी कोरडी. दांडीची टोकं पुसून ठेवली होती, तीही कोरडी. मिक्स्चर स्क्रू पुन्हा लावावा लागला, आधीच्या सेटिंगला गाडी बंद पडत होती. ऑइल बदललं.

पण एक राहिलंय. गाडी गरम करून बंद केली की दहा मिनिटांनी अजूनही वास येतो. बाहेर थेंब कुठे दिसत नाही.

वागळेचा_लेथ

छान काम केलंत. उरलेली जागा शोधायला पावडर वापरा. कार्बोरेटर बाहेरून रॉकेल आणि ब्रशने धुवा, हवेने वाळवा, मग सगळ्या सांध्यांवर, ॲक्सिलरेटर पंपाच्या झाकणावर, खालच्या जेटच्या नटावर आणि होजच्या टोकांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरवा. गाडी थोडी चालवा, बंद करा आणि बघत उभे राहा. पाझर असेल तिथे पावडर गडद होते, बारीक रेघसुद्धा लपत नाही. फक्त एअर क्लीनर बसवूनच हे करा, पावडर घशात जायला नको.

तुर्भे_प्रयोगशाळा

बंद केल्यावर येणाऱ्या वासाचं आणखी एक कारण उष्णता. गाडी चालू असताना पंख्याची हवा आणि वाहतं पेट्रोल कार्बोरेटरला थंड ठेवतं. बंद केली की दोन्ही थांबतं आणि इंजिनाची धग वर चढते. वाटीतलं पेट्रोल उकळीला येतं, वाफ नळीतून घशात जाते. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, आणि पेट्रोलमधले हलके घटक त्याच्या कितीतरी आधी. मे महिन्यात ठाण्यात बॉनेटखाली काय होत असेल याचा अंदाज करा.

टॅक्सीचा_फिटर

म्हणून कार्बोरेटरखाली जाड इन्सुलेटर असतो, काळा, बॅकेलाइटसारखा. तो आहे का आणि तडकलेला नाही ना, बघा. पुष्कळ ठिकाणी तो फुटल्यावर नुसतं कागदी पॅकिंग टाकून कार्बोरेटर बसवतात. मग असंच होतं. पेट्रोलचा पाइप हेडला टेकत असेल तर तोही लांब घ्या.

आणि गरम गाडी लागत नसेल तर ॲक्सिलरेटर पुन्हा पुन्हा मारू नका, दर दाबाला पंप आणखी पेट्रोल टाकतो. पाय सावकाश पूर्ण खाली दाबून तसाच धरा आणि स्टार्टर मारा. हवा भरपूर जाते, साचलेलं निघून जातं, लागली की पाय उचला.

येऊरच्या_पायथ्याशी

जाता जाता: गाडी १९९१ ची, म्हणजे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं रिन्यूअल, तुमचं २०२६ मध्ये येतं. ठाणे आरटीओत गाडी दाखवायला न्याल तेव्हा बॉनेटखाली ओल नको. ५० वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून व्हिंटेजची वेगळी नोंदणी आहे, पण त्यात तुमची गाडी बसायला अजून वेळ आहे.

नौपाड्याची_पद्मिनी

पावडरने दोन जागा सापडल्या. ॲक्सिलरेटर पंपाच्या झाकणाची खालची कड गडद झाली, तिथला एक स्क्रू आट्यांत फिरत होता. उद्या वागळेला घेऊन येतो, दादा, आटे नव्याने पाडून द्या. दुसरी जागा एसी पंपाकडून येणारा होज, क्लिपच्या लगत केसाएवढ्या भेगा. इन्सुलेटर शाबूत आहे. पाइप खरंच हेडला टेकत होता, तो बाजूला घेऊन बांधला.

होज कुठे मिळेल? आणि फक्त तेवढाच तुकडा बदलू की सगळा?

वागळेचा_लेथ

या. सकाळी लवकर आलात तर तासाभरात देतो. झाकणाचे बाकीचे स्क्रूही घेऊन या, ते ताणले असतील तर तेही जोडीने बदलू.

ऐरोलीचा_८००

पद्मिनीचे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आणि ऑपेरा हाऊसच्या बाजूला अजून निघतात. जुना भाग सोबत न्या, नुसतं नाव सांगून घेऊ नका. जे३०आर९ पाइप मला वाशीत एका परदेशी गाड्यांचे भाग ठेवणाऱ्या दुकानात मिळाला होता, साध्यापेक्षा महाग आहे.

टॅक्सीचा_फिटर

सगळा बदला. पुढचा तुकडा तडकला म्हणजे टाकीजवळचाही त्याच वयाचा आहे, तो दिसत नाही एवढंच. टाकीचा पाइप सोडाल तेव्हा तळातलं दोन-तीन लिटर पारदर्शक बाटलीत काढून रात्रभर ठेवा. खाली वेगळा थर बसला तर टाकी पूर्ण रिकामी करून धुवा, मगच नवा पाइप आणि नवा फिल्टर लावा. फिल्टर पंपाच्या आधी, इंजिनाच्या धगीपासून लांब. क्लिपा स्क्रूच्या घ्या, तारेच्या नको, आणि पाइप आत दबेल इतक्या आवळू नका.